दाराकडं पाठ

"मावशी, तेवढं कुंकू पुसता का? तासाभरापुरतं."

माझ्या हातात त्या वेळी लाटणं नव्हतं, हे तिचं नशीब. दुपारची पंगत उठली होती, भांडी मोरीत पडली होती, आणि मी खानावळीच्या खोलीत स्टुलावर बसले होते. डोक्यावरचा पदर खाली, कानातली काढून वाटीत, चष्मा मांडीवर. एवढं सगळं मृदुलानं सांगितलं तसं निमूट केलं होतं. पण हे ऐकलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"काय म्हणालीस?"

"नाही, म्हणजे मी सगळ्यांची नुसती डोकीच काढते ना. टोपी नाही, चष्मा नाही, दागिना नाही. तुमचं एकटीचं कुंकू राहिलं तर..."

"तर काय? कागद विटाळतो तुझा?"

"तसं नाही हो."

"हे बघ मृदुला. तुमच्या ठाण्यात बायका रोज टिकल्या बदलत असतील, आज हिरवी, उद्या निळी. माझं तसं नाही. नवरा असलेल्या बाईनं कपाळ पुसायचं नसतं. काढायचं तर कुंकवासकट काढ. नाहीतर ऊठ, मला लसूण सोलायचाय."

ती उठली नाही. "बरं, राहू दे," म्हणाली, आणि कोळशाची काडी कागदावर खसाखसा चालायला लागली.

नवरा असलेली बाई. मी बोलून गेले खरी. पण तेव्हा गडहिंग्लजात कुणालाही विचारलं असतंत, की द्रौपदी माळवदेचा नवरा कुठं असतो, तर समोरच्यानं आधी इकडंतिकडं बघितलं असतं आणि मग "देवाला ठाऊक" म्हणाला असता.

आमचं मालक शिंपी. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन असायचं. एका मंगळवारी गोकाकला कापड बघून येतो म्हणाले, पिशवी घेतली, चपला घातल्या आणि गेले ते गेलेच. भांडण नाही, तंटा नाही. आदल्या दिवशी वांग्याचं भरीत मागून घेऊन खाल्लं होतं. पोलिसांत वर्दी दिली. मालकांच्या थोरल्या भावानं, केरबा भावजींनी, गोकाक पालथं घातलं, बेळगाव, हुबळी, धारवाडपर्यंत खेटे घातले. कुणी म्हणालं गोव्यात दिसले, कुणी म्हणालं दुसरं घर केलं, कुणी म्हणालं त्या आठवड्यात घटप्रभा नदीला पूर होता. माझी पोरगी वैजयंता तेव्हा तिसरीत. रडत बसून पोट भरत नाही. मी मशीन कोपऱ्यात ढकललं आणि त्याच खोलीत खानावळ काढली. माझं नाव द्रौपदी, मग गिऱ्हाइकांना चेष्टेला विषयच मिळाला. "मावशी, तुमची थाळी संपत नाही ना?" म्हणायचे. मी म्हणायची, "भात संपेल, पण माझी जीभ संपायची नाही. गप जेवा."

मृदुला गुप्ते माझ्याच माडीवर राहायची. इथल्या कॉलेजात वर्षभरासाठी चित्रकला शिकवायला आली होती. पस्तिशीची बाई, पण चहासुद्धा धड करता येत नव्हता. दोन्ही वेळा माझ्याकडं जेवायची, आणि मोकळ्या वेळात माणसांची डोकी काढायची. कोळशानं. मला आधी पटेचना. मी तिला शेगडीतला कोळसा नेऊन दिला, म्हटलं हा घे, फुकटचा आहे. तिनं कागदावर घासून बघितला तर कागदच फाटला. तिचा कोळसा वेगळा, बारीक काड्यांचा, बोट लावलं तरी पसरणारा. आणि खोडरबर कसलं, तर कणकेसारखं मऊ. मळून मळून वापरायची. एकदा मी ते उंडा समजून कचऱ्यात टाकलं होतं, तर बाईसाहेब दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

नळाला पाणी आलंय सांगायला एकदा मी माडीवर गेले आणि ओरडलेच. खोलीभर दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांवर चिमट्यांनी डोकी टांगलेली. खऱ्याच्या दुप्पट मोठी. खांदा नाही, गळा नाही, नुसतं डोकं.

"अगं बया! खाटकाच्या दुकानात आल्यासारखं वाटतंय की. काय ही मुंडकी!"

"नीट बघा तरी, मावशी."

नीट बघितलं. सगळी माझ्याच पंगतीतली माणसं. पोस्टातले हेरेकर, टकलासकट. एसटीतला कंडक्टर घाटगे. हा घाटगे म्हणजे दिवसभर खिदळणारा गडी, जेवताना शेजारच्याला हसवून ठसका लावणारा. पण कागदावर त्याच्या भुवयांच्या मध्ये असं काहीतरी आलं होतं, की याची बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळलीय हे मला एकदम आठवलं. त्या दिवशी संध्याकाळी मी त्याला न मागता दही वाढलं. आणि मृदुलानं "मावशी, तुमचं कधी काढू?" विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले नाही. आपलं कसं दिसतं ते बघावं, एवढीच हौस.

हौसेला मुहूर्तही असा लागला, की त्याच आठवड्यात केरबा भावजी आले.

वैजूचं लग्न ठरलं होतं. निपाणीचं स्थळ, मुलगा हायस्कुलात शिक्षक, वैशाखातली तारीख. भावजी पाटावर बसले आणि चहाला हात लावला नाही, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी अवघड बोलायला आलेत. ते मालकांपेक्षा दहा वर्षांनी मोठे. त्यांच्यासमोर मी कधी बसले नव्हते, कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. मी आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले.

"द्रौपदी, निपाणीकर विचारतात."

"काय विचारतात?"

"पोरीचा बाप आहे का नाही."

भावजी खाली बघत म्हणाले, "बारा वर्षं पुरी झाली. एवढी वर्षं माणसाचा ठावठिकाणा नसला, की दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, शास्त्र आहे. मग दहावं, तेरावं. मी भटजींशी बोललोय. या अमावस्येच्या आत उरकू, म्हणजे लग्नाला आपण मोकळे."

पुतळा जाळायचा म्हणजे मला काय करावं लागणार, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ते कुठल्या बाईला सांगावं लागतं? बांगड्या फोडायच्या. कपाळ पुसायचं. आणि दोन महिन्यांनी, ज्या पोरीला एकटीनं वाढवली, तिला सवाशिणी हळद लावत असताना आपण लांब भिंतीला टेकून बघायचं.

"आणि मी नाही म्हणाले तर?"

"तर असं अधांतरीच राहायचं. ना इकडं, ना तिकडं. लोक तोंडावर बोलत नाहीत, पण बोलतात. विचार कर. मी येतो पुन्हा."

मला त्यांच्यावर ओरडताही येईना. वाईट माणूस असता तर सोपं होतं. पण या माणसानं बारा वर्षांत एक दिवाळी चुकवली नव्हती. वैजूला फ्रॉक, मला लुगडं, घेऊन यायचे आणि दारातनंच परत जायचे.

त्या आठवड्यात रोज दुपारी मी स्टुलावर बसत होते, आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मृदुलाची रीतही तऱ्हेवाईक. आज तासभर काढायचं, आणि दुसऱ्या दिवशी आल्या आल्या सगळं फडक्यानं पुसून त्याच कागदावर पुन्हा सुरू.

"अगं, काल झालं होतं की!"

"काल तुम्ही वेगळ्या होतात."

"मी काय रोज नवी जन्माला येते?"

"पुसलेलं सगळं जात नाही, मावशी. थोडं थोडं खाली राहतं. त्याच्यावरच पुढचं उभं राहतं."

एक दिवस मी म्हटलं, आता दाखव, नाहीतर उद्या बसत नाही. तिनं कागद लावलेली फळी फिरवली. आणि मी बघतच राहिले. तोंड माझंच होतं. पण कपाळाच्या मधोमध रुपयाएवढं काळं भोक.

"हे काय गं? गोळी लागलीय का मला?"

"कुंकू आहे ते."

"असलं काळं?"

"कोळशात लाल नसतं हो मावशी. काळं, नाहीतर पांढरं." तिनं ती रबराची कणीक कपाळावर दाबून कोळसा उचलला. काळ्या जागी कोरा कागद आला. "असं चालेल?"

"ते तर त्याहून वाईट! पांढरं कपाळ कुणाचं असतं, ते तुला तुझ्या आईनं सांगितलं नाही वाटतं? काळं तर काळं, घाल ते परत."

तिनं मुकाट्यानं घातलं. मग काडी खाली ठेवून हात पुसत म्हणाली, "मावशी, कुंकवाचं जाऊ दे. मला खरी अडचण वेगळीच येतेय. तुमची मान सरळ राहत नाही."

"म्हातारी झाले आता."

"तसं नाही. बाकी सगळे बसले की माझ्याकडं बघतात. तुम्ही दाराकडं बघता. हे बघा." तिनं कागदावर बोट फिरवलं. खाली आधीच्या दिवसांच्या पुसट रेघा दिसत होत्या. नाकाच्या, हनुवटीच्या. सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. "रोज पुसून नव्यानं काढते आणि रोज डोकं तिकडंच वळतं. परवा मी स्टूल दुसऱ्या बाजूला ठेवलं, तर तुम्ही मान उलटी फिरवून दाराकडंच. असं किती वर्षं आहे?"

तिला माझ्या घरातलं काहीच ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. पंगतीत बसणाऱ्याला सगळं कळतं. पण विचारलं ते तिनं सरळपणानं, डॉक्टर विचारतो तसं. आणि मला ते सहन झालं नाही.

"ऊठ," मी म्हणाले. "उचल तुझा तो कोळसा. उद्यापासून जेवायला ये, हे नको."

त्या संध्याकाळी पंगतीला चपात्या लाटताना मी स्वतःवर पाळत ठेवली. म्हटलं, बघू तरी ही पोरगी म्हणते ते खरं का. उंबऱ्यावर चप्पल वाजली, हेरेकर आले. माझी मान वर. पुन्हा चप्पल वाजली, कॉलेजची दोन पोरं. मान वर. दाराशी कुत्रं अंग खाजवत होतं, त्याच्या पायाचा आवाज झाला. मान वर. चपाती करपली. गिऱ्हाईक वर बघायच्या आधी माझी नजर त्याच्या पायांकडं जात होती. आमचं मालक डावा पाय जरा ओढून चालायचे. मला बारा वर्षांत हे कळलं नव्हतं, की मी माणसांना पायाकडनं ओळखायला लागलेय.

पंगत उठल्यावर वैजू आणि मी तांदूळ निवडत बसलो. मी सहज विचारल्यासारखं केलं.

"वैजू, मी सारखी दाराकडं बघते का गं?"

ती हसली. "अगं आई, गावाला माहीत आहे. घाटगेकाका म्हणतात, मावशीकडं उशिरा गेलं तरी चुपचाप जाता येत नाही."

"तुला कधी जाणवलं?"

ती खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "लहानपणापासून. मी शाळेतनं यायची ना, दप्तर घेऊन, धावत. तू वर बघायचीस. मला वाटायचं माझ्याकडं बघतेय. पण तू माझ्या मागं बघायचीस. माझ्या मागनं कुणी येतंय का ते." आणि माझा चेहरा बघून घाईनं म्हणाली, "मी तक्रार नाही करत गं. आपलं आठवलं म्हणून सांगितलं."

मी सूप बाजूला ठेवलं आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. पोरगी निपाणीला जायला निघाली, आणि तिचं लहानपण मी तिच्या मागं बघण्यात घालवलं. ज्या माणसानं मागं वळून बघितलं नाही, त्याच्यासाठी. मला राग आला, पण नुसता राग नव्हता तो. लाज वाटली, आणि फार दमल्यासारखं झालं. अंगातनं ताप उतरल्यावर होतं तसं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मृदुला जेवून उठली तेव्हा मी म्हणाले, "आण तुझी फळी."

ती बघायला लागली.

"बघतेस काय? काल चिडले होते, आज नाही. पण बसणार कशी ते मी सांगणार."

मी स्टूल उचललं आणि दाराकडं पाठ करून ठेवलं. समोर डाळी-तांदळाच्या डब्यांची फळी आणि पोपडे आलेली भिंत. मृदुला बिचारी डबे आणि स्टूल यांच्या सापटीत कशीबशी उभी राहिली. तिनं आधीचं सगळं पुसलं आणि काडी टेकवली.

सांगते, इतकं अवघड मी आयुष्यात काही केलं नाही. बाळंतपणसुद्धा नाही. रस्त्यावरनं चपला जात होत्या, आणि प्रत्येक आवाजाला मानेत कळ यायची. मी स्टूल दोन्ही हातांनी धरून ठेवलं. मृदुलाची काडी चालू होती.

आणि उंबऱ्यावर चप्पल वाजली. आत आली. थांबली.

बारा वर्षं जो आवाज ऐकायला जीव कानात आणून बसले, तो हाच असला तर? आज, नेमका आजच? मी मृदुलाच्या तोंडाकडं बघितलं. तिला दार दिसत होतं. तिनं वर बघितलं, पुन्हा कागदाकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "मावशी, हलू नका. हनुवटी जुळत आलीय."

मी हलले नाही. कोण आहे ते मी विचारलं नाही.

"द्रौपदी," मागनं आवाज आला. केरबा भावजींचा.

माझा हात सवयीनं पदराकडं गेला. अर्ध्यात थांबला. परत मांडीवर ठेवला.

"बसा भावजी. पाट तिथंच आहे. मला उठायची परवानगी नाही."

"हे काय चाललंय?"

"डोकं काढतीय माझं."

"काढ म्हणावं. पण थोरला दीर घरात आलाय आणि तू उघड्या डोक्यानं, पाठ करून..."

"पाठ तुमच्याकडं नाही, भावजी. दाराकडं आहे."

मागं पाट ओढल्याचा आवाज झाला.

"भटजी थांबलेत. परवाचा दिवस सांगू का?"

"नका सांगू." माझा आवाज कापेल असं वाटलं होतं, कापला नाही. समोर भिंत होती, त्यामुळं असेल. "पुतळा करायचा नाही, भावजी. ते गेल्याचं मला कुणी सांगितलेलं नाही. न बघितलेल्या मढ्यावर मी रडणार नाही. बांगड्या राहतील. कुंकू राहील. वैजूची हळद मी लावणार."

"म्हणजे अजून तुला वाटतंय, तो येणार?"

"नाही."

हे 'नाही' मी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं होतं.

"येतील असं मला वाटत नाही. आणि आले तरी मी आता वाट बघत नाही. आजपासून सोडली."

"अगं, दोन्ही कसं चालेल? वाट बघायची नाही आणि कुंकूही पुसायचं नाही?"

"का नाही चालणार? त्यांचं काय झालं ते त्यांना ठाऊक. माझं काय ते मला ठाऊक आहे. लोक विचारतील तर मला विचारू देत. निम्मं गाव माझ्याकडं जेवतं. बघते तरी, कोण विचारतं ते."

आता भावजी चिडतील, उठून जातील, निपाणीकरांना निरोप धाडतील, अशी मी वाट बघितली. मागं काही हललं नाही. रस्त्यावरनं सायकल गेली. मग ते बोलले, आणि तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"तुझं ठीक आहे गं. वाट बघत होतीस, ती सोडलीस. मी काय सोडू?"

"तुम्ही?"

"माझ्या पाठीवरचा तो. आई जाताना तो दुपट्यात होता, माझ्या मांडीवर दिला. बघ म्हणाली. मी बघितलं. चालायला शिकवला, मशीनवर बसवला. पाय ओढायचा तोसुद्धा माझ्या हातनं झाडावरनं पडला म्हणून. बारा वर्षं मी त्याला धुंडाळतोय, द्रौपदी, आणि मला कुणी रडू देत नाही. घरात डोळ्याला पाणी आलं की ही म्हणते, अभद्र करू नका, जिवंत असला तर? तुझ्या दारात येतो, तुझं कपाळ बघतो, आणि तसाच परत जातो. ते कुंकू बघून रडायचं कसं? मला वाटलं, पुतळा केला, की चार माणसांत, अग्नीसमोर, एकदा तरी... शास्त्रबिस्त्र काही नाही बघ. निपाणीकरही फारसं काही म्हणाले नाहीत. मला रडायचंय. एवढंच आहे."

मला कधी सुचलंच नव्हतं हे. बारा वर्षं मला वाटायचं, तो माणूस माझा गेला. दारातनं परत जाणाऱ्या त्या म्हाताऱ्याचंही कुणी गेलंय, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

उठावं, वळावं, पाणी द्यावं, असं फार वाटलं. पण मी वळले असते तर त्यांना माझं कपाळ दिसलं असतं.

"मग रडा की, भावजी," मी म्हणाले. "त्याला पुतळा कशाला लागतोय? मी बघत नाही."

आधी नुसता श्वास ऐकू आला. मग ते रडले. गडी माणूस रडतो तसं, अडखळत, घशातल्या घशात. मग तेही सुटलं आणि लहान पोरासारखं हुंदके देत रडले. "यशवंता, यशवंता," म्हणून हाका मारत. त्या घरात बारा वर्षांत ते नाव कुणी घेतलं नव्हतं. मी तर घेणारच नव्हते, बाई माणूस. आणि बाकीचे माझ्यासाठी घेत नव्हते. ते नाव ऐकलं आणि माझ्याही डोळ्यांना धार लागली. हात मांडीवर, मान सरळ, पाणी गालांवरनं हनुवटीपर्यंत.

मृदुलाची काडी थांबली होती. तिला आम्ही दोघंही दिसत होतो. तीही रडायच्या बेतात होती.

"काढ," मी तिला म्हणाले. "थांबू नकोस."

तिनं काढलं. भावजींनी उपरण्यानं तोंड पुसलं, उठले, माठातलं पाणी स्वतःच घेऊन प्यायले. जाताना म्हणाले, "येतो." मी म्हणाले, "या." चपलांचा आवाज उंबऱ्यापलीकडं गेला, तेव्हा मी मान वळवली नाही, कारण गरज वाटली नाही.

ते डोकं मृदुलानं पुन्हा पुसलं नाही. संध्याकाळी माडीवर नेऊन टांगलं आणि आम्हा मायलेकींना बघायला बोलावलं. मला माझं मेलं काय कळतंय? मला वाटलं, ही बाई जरा थोराड दिसतेय आणि हिनं वेळेवर जेवायला पाहिजे. कुंकू काळंच होतं, पण आता ते तसं खुपत नव्हतं. वैजू मात्र त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, "ही माझ्याकडं बघतेय."

मृदुला वर्ष संपल्यावर गेली. ती डोकी पुढं मोठमोठ्या शहरांत भिंतींवर लागली, तिची पत्रं यायची. मालक आले नाहीत. आता वैजूचीच पोरगी कॉलेजात जाते.

पण हळदीचं सांगायचं राहिलं. वैशाखात मांडव पडला. निपाणीच्या बायका आल्या, वैजूला पाटावर बसवलं, आणि हळदीची वाटी केरबा भावजींच्या मंडळींच्या हातात होती. मी पुढं झाले. तशी नवऱ्या मुलाची एक आत्या, नाकात मोठी नथ, शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं बोलली, "यांनी लावायची का? म्हणजे यांच्या मालकांचं नक्की काय ते..."

माझ्या जिभेवर उत्तर होतं. तयारच ठेवलं होतं मी, आणि ते गोड नव्हतं. पण माझ्या आधी पुरुषांच्या घोळक्यातनं केरबा भावजी उठून आले. बायकांच्या मधनं वाट काढत आले, बायकोच्या हातातली वाटी घेतली आणि माझ्या हातात दिली.

"आमच्यात पहिली हळद आईची असते," ते त्या आत्याबाईंना म्हणाले. "रिवाज आहे. तुम्ही मागनं लावा."

आमच्यात असला रिवाज कधीच नव्हता. माझ्या जाऊबाईंनी नवऱ्याकडं डोळे मोठे करून बघितलं. भावजींनी मान खाली घातली नाही.

मी वैजूसमोर बसले आणि हळदीत बोटं बुडवली.